उजेड आणि आडोसा : कन्नड परिसरातील गृहरचनेच्या निमित्ताने

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांविषयी जे लेखन झाले आहे त्यात एक विधान जवळजवळ ठराविक शब्दांत पुनःपुन्हा भेटते. रस्त्याच्या बाजूने आंधळ्या भिंती आणि मधोमध आकाशाला खुला असलेला चौक, ह्या योजनेने जुन्या गवंड्यांनी नैसर्गिक प्रकाश आणि घराचा खाजगीपणा ह्यांचा ‘समतोल’ साधला, असे ते विधान होय. वास्तुरचनेवरील पुस्तकांत ते आढळते, गतकाळाच्या आठवणींनी ओथंबलेल्या ललित लेखांत ते आढळते, आणि अलीकडे सदनिकांच्या जाहिरातींतही त्याचा प्रतिध्वनी ऐकू येऊ लागला आहे. विधान आकर्षक आहे आणि त्याचा अर्धा भाग खराही आहे. तथापि ‘समतोल’ ह्या शब्दाने जो एक समज गृहीत धरला जातो तो तपासून पाहण्याजोगा आहे. तराजूच्या दोन्ही पारड्यांतील माल एकाच गिऱ्हाइकाचा असतो. घरात मात्र उजेड एकाच्या वाट्याला आणि आडोसा दुसऱ्याच्या, किंवा आडोशाचा मान सर्व कुटुंबाला आणि त्यासाठी सोसावा लागणारा अंधार कुटुंबातील काहींनाच, असे पुष्कळदा घडले आहे. म्हणून घराची समीक्षा करताना आडोसा कोणाचा, कोणाच्या नजरेपासून आणि कोणाच्या उजेडाच्या मोलाने, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

ह्या विचारासाठी कन्नड तालुका विशेष सोयीचा आहे. शिवना नदीकाठी वसलेले तालुक्याचे गाव, उत्तरेस चाळीसगावकडे उतरणारा घाट, भोवती माळवदाच्या घरांची जुनी वस्ती, आणि सातमाळ्याच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी, अशी दोन सहस्रकांहून अधिक काळाची निवासस्थाने ह्या एका तालुक्यात पाहावयास मिळतात. धुळे–सोलापूर महामार्गालगत उभी राहणारी सिमेंटची नवी घरे ही त्यांपैकी सर्वांत अलीकडची.

प्रथम शब्दांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ‘खाजगी’ किंवा ‘खासगी’ हा शब्द मराठीत फारसी परंपरेतून आला. मराठेशाहीत ‘खासगी’ म्हणजे राज्यकर्त्याच्या घरची मिळकत, सरकारी दौलतीहून निराळी. होळकरांच्या संस्थानात ‘खासगी’ हे स्वतंत्र खातेच होते. अर्थात ह्या शब्दाच्या मुळाशी कल्पना आहे ती मालमत्तेची आणि घराण्याची. एकट्या माणसाची नव्हे. ‘एकांत’ हा संस्कृत शब्द साधनेच्या आणि प्रणयाच्या वाटेने भाषेत रुळला. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला एकांत हवा, असे वाक्य जुन्या मराठीत सहसा सापडावयाचे नाही. बोलभाषेने ह्या गरजेसाठी जो शब्द घडविला तो ‘आडोसा’. ‘आड’ ह्या शब्दात भिंत, दार, गोणपाट, लुगडे, झाड, अंधार ह्यांपैकी काहीही चालते. आडोसा हा करून घ्यावयाचा असतो. तो असतोच असे नाही. आज कन्नडच्या बाजारपेठेतील तरुण मनुष्य बोलताना ‘प्रायव्हसी’ म्हणेल, त्याची आजी ‘आडोसा’ म्हणेल. ‘खाजगीपणा’ हा शब्द दोघांपैकी कोणीच उच्चारणार नाही. तो लिहिणाऱ्यांचा शब्द आहे. जाता जाता आणखी एका गोष्टीची नोंद करण्यास हरकत नाही. मराठी म्हणीप्रमाणे भिंतीला कान असतात, डोळे नसतात. आणि जे लपवावयाचे ते बाहेर पडले की ते ‘उजेडात येते’. उजेड आणि उघडे पडणे ह्यांचे नाते भाषेने पूर्वीच ओळखले होते.

पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून कोरली जाऊ लागली. मधुसूदन नरहर देशपांडे ह्यांनी तेथील मातीदगडांचा ढीग उपसून जे अवशेष उजेडात आणले त्यांचा वृत्तांत १९५९ साली पुरातत्त्व खात्याच्या ‘एन्शंट इंडिया’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हापासून विद्वानांचे लक्ष यक्षमूर्ती, हत्तींची रांग, द्वारपाल आणि लेखांतील दात्यांची नावे ह्यांकडे लागले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु चैत्यगृहाला लागून असलेला मोठा विहार हे मुळात राहण्याचे ठिकाण होते. त्याच्या कोठड्यांची छते कमानदार असून त्यांत लाकडी फासळ्यांचे अनुकरण दगडात कोरलेले आहे. प्रतिष्ठानच्या गांधिक कुळातील मितदेवासारखे दाते ज्या लाकडी घरांत राहत असतील त्यांचा मागमूसही आज उरलेला नाही. त्यांच्या बांधणीची सावली तेवढी ह्या खडकात शिल्लक आहे. म्हणून गृहरचनेच्या अभ्यासकाने ही लेणी केवळ शिल्पकलेच्या खाती जमा करून चालणार नाही.

विहाराची मांडणी पुढे मंडप आणि भोवती कोठड्या अशी असते. चौसोपी घराशी तिचे साम्य अनेकांना जाणवते. परंतु खडकात वरून आकाश मिळत नाही. दर्शनी बाजूने येणारा उजेड आधी मंडपात शिरतो, तेथून कोठडीच्या दारातून काय उरेल ते आत पोहोचते. कोठडीला दुसरे उघडे तोंड नाही. दारावर चैत्यगवाक्षाची नक्षी कोरलेली असते. पण ती खिडकीची प्रतिमा आहे, खिडकी नव्हे. भिक्षूच्या मालकीचे असे जर काही त्या जागेत असेल तर तो अंधार. त्याचे वाचन, चर्चा, भोजन सगळे मंडपातल्या उजेडात, इतरांच्या देखत. आणि त्याची निद्रा व ध्यान कोठडीतल्या अंधारात. उजेड संघाचा, अंधार व्यक्तीचा, अशी ही विभागणी त्याने आपण होऊन स्वीकारलेली होती. ह्या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे वाड्याचा विचार करताना ध्यानात येईल.

येथे दृष्टीच्या एका साध्या नियमाचा उल्लेख आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे. जेथे उजेड अधिक ते दिसते. जेथे उजेड कमी तेथून दिसते. दिवसा अंधाऱ्या खोलीतील मनुष्य झरोक्यातून रस्ता पाहू शकतो, रस्त्यावरच्या मनुष्यास मात्र झरोक्यामागे काळोखाखेरीज काही दिसत नाही. औरंगाबाद येथील बीबी का मकबऱ्यात, सतराव्या शतकाच्या मध्यास, संगमरवरी जाळ्यांनी जो परिणाम साधला आहे त्याचे गमक हेच. कबरीभोवतीची अष्टकोनी जाळी उजेड फोडून, चाळून आत सोडते. जाळीच्या जाडीमुळे तिरपी नजर छिद्रातून पार जात नाही, परंतु परावर्तित उजेड छिद्राच्या कडांवर आपटत आत पोहोचतो. राजघराण्याला जे संगमरवरात परवडले ते सामान्य गृहस्थाने बांबूच्या चिकाने आणि लाकडी गजांनी केले. रात्री दिवा लागला की हा नियम उलटतो. पण तेलाच्या पणतीचा उजेड असून असून किती. कोनाड्यातील दिवा कोनाडाच काय तो उजळावयाचा. विजेचे दिवे येईपर्यंत रात्रीचे घर बाहेरच्या नजरेला फारसे सापडत नव्हते.

आता माळवद. तुळया, त्यांवर आडव्या लाकडांचे अंथरूण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर अशा धाब्याच्या घरात भिंतीला खिडकी क्वचितच असे. उजेड येई तो छतातील साण्यातून. काही भागांत त्यास सवणे म्हणतात. हातभर लांबीरुंदीचे हे भोक घरातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कार्यक्षम योजना होती. उभ्या भिंतीतील खिडकीला आकाशाचा फार तर अर्धा भाग दिसतो, आणि समोर घर असेल तर तेवढाही नाही. साण्याला वरचे सगळे आकाश मोकळे. म्हणून आकाराच्या मानाने ते खिडकीपेक्षा पुष्कळ अधिक उजेड देते. चुलीचा धूर त्यातूनच बाहेर जाई. जमिनीवर पडलेला उन्हाचा चौकोन जसजसा सरके तसतशी दिवसाची वेळ कळे. पाऊस आला की वर पत्रा किंवा दगडी चिप झाकावयाची, म्हणजे श्रावणभर घरात दिवसाही रात्र. महत्त्वाची गोष्ट ही की येथे प्रकाशाची वाट आणि नजरेची वाट एक नव्हती. प्रकाश वरून येई, नजर समोरून; आणि समोर भिंत होती.

ही योजना निर्दोष होती असे मात्र नव्हे. गावठाणात माळवदे एकमेकांस लागून असत, उन्हाळ्यात माणसे रात्री वरच निजत, धान्य आणि मिरच्या तेथेच वाळत. शेजारच्या माळवदावरून चालत येणाऱ्यास साण्यातून खाली पाहता येई. तेव्हा वरून न पाहण्याची मर्यादा पाळणे हा शेजारधर्माचाच भाग होता. मातीच्या भिंती जे करू शकत नव्हत्या ते रीत करीत होती. घरांची मोजमापे घेणाऱ्या अभ्यासकांच्या आराखड्यांत ही रीत कोठेच उमटत नाही, ही त्या पद्धतीची मोठीच उणीव म्हणावी लागेल.

वाडा हा ह्याच योजनेचा सधन आविष्कार. साणे मोठे होऊन त्याचा चौक झाला असे म्हटले तर ते इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही, पण रचनेचे तत्त्व म्हणून पटण्यासारखे आहे. येथेही प्रकाश वरून आणि आडोसा भोवताली. वाड्याच्या चाहत्यांचे विधान अर्धे खरे आहे ते एवढ्यापुरते.

उरलेल्या अर्ध्यासाठी थोडे गणित करावे लागते. कन्नडचा अक्षांश सुमारे सव्वावीस अंश उत्तर. त्यामुळे मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर मध्यान्हीही तो क्षितिजापासून सुमारे ४६ अंशच वर असतो. म्हणजे त्या दिवसांत भिंतीची दुपारची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकीच लांब पडते. वाडा एकमजली आणि भिंत १२ फूट उंच असेल तर दक्षिणेकडील सोप्याची सावली चौकात साडेअकरा फूट पसरते. दोन मजले चढवून उंची २२ फूट केली तर २१ फूट. चौक दक्षिणोत्तर २० फुटांचा असल्यास ऐन थंडीत त्याच्या फरसबंदीवर उन्हाचा कवडसाही पडावयाचा नाही. उलट मे महिन्यात, जेव्हा ऊन नको असते तेव्हा, तेच अंगण तव्यासारखे तापणार. दुसरा मजला हे घराण्याच्या उत्कर्षाचे चिन्ह. परंतु मजला चढला की तळमजल्याचा हिवाळी उजेड आखडला. घराण्याच्या वैभवाची ही किंमत वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांनी दिली नाही.

ती कोणी दिली हे खोल्यांच्या क्रमावरून कळते. दिंडी दरवाज्याच्या आत ढाळज. तेथे रस्त्याचाही उजेड आणि चौकाचाही. तेथे पुरुष बसतात, कारभारी हिशेब लिहितात, येणाराजाणारा पान खातो. चौकाभोवतीची ओसरी चांगली उजळ. ओसरीच्या मागे माजघर. त्याला उजेड मिळतो तो ओसरीने वापरून उरलेला. माजघराच्या मागे किंवा कडेला स्वयंपाकघर, कोठीची खोली, आणि सर्वांत आत बाळंतिणीची खोली. खिडकी किंवा चौकटीतून शिरणारा आडवा उजेड तिच्या माथ्याच्या उंचीच्या दोन-अडीच पटींपेक्षा आत फारसा पोहोचत नाही, हा बांधकामशास्त्राचा ढोबळ नियम. ओसरीच्या वळचणीची उंची सात-आठ फूट धरली तर माजघराच्या मागच्या भिंतीशी काय उरत असेल ह्याची कल्पना करता येते. घरातील ज्या व्यक्तींना सुईत दोरा ओवावयाचा, तांदळातले खडे वेचावयाचे, तान्ह्या मुलाचा चेहरा पाहावयाचा, त्यांच्या वाट्यास सर्वांत कमी उजेड. ज्यांचे काम बोलण्याचे त्यांच्या वाट्यास सर्वांत अधिक. पितळखोऱ्याच्या भिक्षूने अंधार पत्करला होता. येथे तो नेमून दिलेला आहे.

एवढा अंधार सोसून त्या स्त्रियांना आडोसा तरी मिळाला काय? रस्त्याच्या नजरेपासून मिळाला, हे मान्य केले पाहिजे. आणि धामधुमीच्या काळात ती क्षुल्लक गोष्ट नव्हती. घरातल्या नजरेपासून मात्र मिळाला नाही. सर्व खोल्या चौकाकडे तोंड करून आहेत. चौक ओलांडणारी प्रत्येक व्यक्ती चहूबाजूंनी दिसते. कोण कोणाच्या खोलीत गेले, कोण रडून आले, कोणाचे पत्र आले, हे एकाच वेळी सर्वांस कळते. वाडा कुटुंबाला गावापासून झाकतो आणि माणसाला कुटुंबापुढे उघडा ठेवतो.

मराठी साहित्याने ही गोष्ट वास्तुशास्त्राच्या पुष्कळ आधी नोंदवून ठेवली आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ (ग्रंथरूपाने १८९३) ह्या कादंबरीकडे स्त्रीच्या दुःखाची कहाणी म्हणून पाहण्याची प्रथा आहे. पण ती घराच्या रचनेचीही कहाणी आहे. यमूच्या सासरी पतिपत्नींच्या साध्या संभाषणालाही घरातील डोळे आणि कान टाळावे लागतात. तिच्या आयुष्यातील सुखाचा काळ मुंबईतल्या स्वतंत्र बिऱ्हाडात सुरू होतो. मुंबईची जागा पुण्याच्या घरापेक्षा प्रशस्त होती म्हणून नव्हे. तेथे दार लावून घेण्याचा अधिकार त्या दोघांकडे आला म्हणून. समीक्षकांनी ह्या स्थलांतराचे श्रेय सुधारकी विचारांना दिले आहे, ते योग्यच आहे. परंतु विचारांना राहावयास खोली लागते, ही गोष्ट हरिभाऊंच्या ध्यानातून सुटलेली नाही.

महेश एलकुंचवार ह्यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) ह्या नाटकात हाच वाडा शंभर वर्षांनंतर मोडकळीस आलेला दिसतो. धरणगावकर देशपांड्यांचे घर विदर्भातले असले तरी मराठवाड्यातील वाचकाला ते परके वाटत नाही. तात्याजींच्या तेराव्यासाठी चाललेली ओढाताण भिंतीबाहेर कळता कामा नये, हा त्या कुटुंबाचा ध्यास आहे. येथे ‘खासगी’ ह्या शब्दाचा जुना अर्थ पुरता जागा होतो : झाकावयाची आहे ती घराण्याची पत. आणि ह्या पतीच्या आडोशात प्रभाचे शिक्षण अडले, तिचे वय वाया गेले. रंजू दागिने घेऊन पळून जाते, ती ज्या घरात कोणाचीच कोणतीच हालचाल लपत नाही असे समजले जाते त्या घरातून. एकमेकांवर एवढी नजर असूनही कोणी कोणास पाहिलेले नाही, ही एलकुंचवारांची जाणीव वाड्याच्या कोणत्याही आराखड्यापेक्षा अधिक भेदक आहे. ह्या नाटकाकडे केवळ सरंजामी मूल्यांच्या ऱ्हासाचे चित्र म्हणून पाहणारी समीक्षा वाड्याला नेपथ्य समजते. तो नेपथ्य नाही.

चाळीचा उल्लेख थोडक्यात पुरे. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मध्ये पु. ल. देशपांडे ह्यांनी सामाईक गॅलरीतील उघड्या संसारातून विनोद निर्माण केला, आणि त्या विनोदाच्या शेवटी त्या उघडेपणाविषयीची हुरहुरही व्यक्त केली. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधील कावाखान्यात तोच उघडेपणा विनोदाला जागा ठेवत नाही. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे आडोशाचा अभाव हा कोणाला आठवणीत गोड लागतो आणि कोणाला लागत नाही, हे स्पष्ट होते. गावातही वाड्याच्या चौकाची चर्चा करताना वेशीबाहेरच्या एकखणी झोपडीचा विसर पडू नये. तेथे साणे नव्हते, कारण छपर गवताचे होते. आडोसा नव्हता, कारण दुसरी खोली नव्हती. अंगणात न्हाणीला गोणपाट लावावयाचे, आणि ज्याला गोणपाटही पुरत नाही त्या विधीसाठी पहाटेपूर्वीच्या अंधाराची वाट पाहावयाची. तेथील स्त्रियांचा आडोसा जागेचा नव्हता, वेळेचा होता. उजाडले की तो संपे.

ह्या प्रश्नाचा कायद्याने केलेला विचार साहित्याच्या अभ्यासकांस सहसा ठाऊक नसतो, म्हणून त्याची दखल घेणे इष्ट. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाने वीस वर्षे निर्वेध उपभोगलेल्या प्रकाशाचा हक्क मान्य केला : शेजाऱ्याने भिंत उभारून तो अडवू नये. त्याच अधिनियमाच्या अठराव्या कलमाखाली रूढीने प्राप्त होणाऱ्या हक्कांचे जे उदाहरण दिले आहे ते मोठे उद्बोधक आहे. एखाद्या नगरात अशी रूढी असेल की शेजाऱ्याचा खाजगीपणा भंगेल अशी नवी खिडकी कोणी उघडू नये, तर त्या नगरात घर बांधणाऱ्यास तसा हक्क मिळतो आणि त्याच्या शेजाऱ्यासही त्याच्याविरुद्ध तसाच हक्क मिळतो. १८८८ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने गोकल प्रसाद विरुद्ध राधो ह्या खटल्यात ही रूढी मान्य केली; तंटा होता तो शेजाऱ्याच्या नव्या व्हरांड्यातून आणि दारांतून घरातील स्त्रियांच्या वावराची जागा दिसते, हा. गुजरातेतही ही रूढी न्यायालयांनी मानली होती. कन्नड त्या काळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचा हा अधिनियम तेथे चालत नव्हता. पण माळवदावरून खाली न पाहण्याची जी रीत वर सांगितली ती ह्याच तत्त्वाची अलिखित आवृत्ती होय.

ह्या तत्त्वात जबाबदारी कोणावर टाकली आहे ते पाहावे. ज्याला उजेडासाठी खिडकी हवी त्याने दुसऱ्याच्या आडोशाचा विचार करावयाचा. पाहिले जाणाऱ्याने पडदा लावावा असे नव्हे. पाहू शकणाऱ्याने भोक पाडू नये. आधुनिक बांधकामनियमांनी ह्यापैकी अर्धी बाजू उचलली. राष्ट्रीय बांधकाम संहितेने खोलीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात उघड्या भागाचे किमान माप ठरवून दिले : उष्ण-कोरड्या हवामानात एक-दशांश, उष्ण-दमट हवामानात एक-षष्ठांश. दोन इमारतींतील सामासिक अंतरही ठरले. परंतु खिडकी कोणाच्या खिडकीसमोर यावी, तिचा उंबरा जमिनीपासून किती उंच असावा, तिच्यातून काय दिसावे, ह्याविषयीची जुनी विवेकबुद्धी त्या मापांत उतरली नाही. हवा आणि उजेड मोजता येतात. नजर मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते नियमात बसत नाही, ही अडचण समजण्यासारखी आहे, पण तिचे परिणाम मात्र राहणाऱ्याला भोगावे लागतात.

माळवदाच्या घराचा न्याय मराठवाड्याच्या दक्षिण भागात एका पहाटेने केला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीचा जड थर पेलणारी छपरे आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे मेली. त्यानंतर साण्याची स्तुती करताना जीभ अडखळली पाहिजे. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी पूर्णतः वसविण्यात आली. सरळ रस्ते, आखीव चौकोनी भूखंड, सिमेंटची घरे, भिंतीत खिडक्या. तज्ज्ञांच्या दृष्टीने घरे भक्कम होती आणि उजळही. परंतु त्यांची दारे-खिडक्या रुंद रस्त्यावर उघडत होती, आणि बंदिस्त अंगण नव्हते. रहिवाशांनी पुढील वर्षांत भूखंडाभोवती भिंती घातल्या, पुढे पडव्या काढल्या. तज्ज्ञांनी न दिलेला आडोसा त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधून घेतला. ह्याला काही अभ्यासकांनी जुन्या सवयींचा हट्ट म्हटले आहे. तो हट्ट असेल तर फार विचारी हट्ट आहे. कारण ह्या वेळी लोकांनी जड माळवद परत आणले नाही, परत आणले ते अंगण.

कन्नडच्या महामार्गालगतच्या नव्या वस्त्यांत भूकंपाशिवायच तोच बदल झाला आहे. छत सिमेंटचे झाले तेव्हा त्यात भोक ठेवणे गैरसोयीचे ठरले, वर दुसरा मजला चढवावयाचा असल्याने अशक्यही. म्हणून वरचा उजेड बंद झाला. उजेड आणि नजर ह्यांच्या निराळ्या असलेल्या वाटा एकाच खिडकीत येऊन मिळाल्या. त्यात आणखी दोन बदल घडले, ज्यांकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. पूर्वी माणसे जमिनीवर बसत. बसलेल्याचा डोळा जमिनीपासून अडीच फुटांवर असे, आणि साडेतीन फुटांवरच्या खिडकीतून तो बाहेरच्यास दिसत नसे. आता खुर्ची, पलंग आणि सोफा आला, बसलेल्याचे डोके चार फुटांवर गेले, आणि तीन फुटांच्या उंबऱ्याची खिडकी त्याचे चित्र चौकटीत बसवून रस्त्याला दाखवू लागली. दुसरा बदल विजेचा. रात्री खोली लख्ख आणि रस्ता अंधारा. दृष्टीचा जो नियम दिवसा घराचे रक्षण करी तोच रात्री घराविरुद्ध गेला. ह्यावर उपाय म्हणून पडदा आला, आणि संध्याकाळी ओढलेला पडदा सकाळी दूर करण्याचा कंटाळाही आला. धुरकट काच बसविली की तो प्रश्नही मिटतो. परिणामी क्षेत्रफळाच्या एक-दशांश खिडकी असलेल्या खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट जळताना दिसते. नियमाने मागितलेला उजेड भिंतीत आहे, घरात नाही.

ग्रामीण घरकुलांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेने २०१६ पासून किमान २५ चौरस मीटरचे क्षेत्र ठरविले आहे, स्वयंपाकाची जागा धरून. एवढ्या जागेत चौक काढा असे सुचविणे हा विनोद होईल, आणि वाड्याच्या गुणगानातून निघणारे बहुतेक उपदेश असेच असतात. मात्र साण्याचे तत्त्व एवढ्याही घरात राबविता येते. छताच्या लगत, उभ्या माणसाच्या डोक्याहून वर, भिंतीच्या रुंदीभर अरुंद उघडी पट्टी ठेवली तर आकाशाचा उजेड छताच्या पांढऱ्या पृष्ठावर आपटून खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत जातो. रस्त्यावरून पाहणाऱ्यास छतच दिसते. सिमेंटच्या जाळीचे ठोकळे तालुक्याच्या गावी मिळतात. जुन्या घरांत वळचणीखाली झरोके ठेवीत ते हेच. अशा पट्टीतून पावसाळ्यात झड येते, हिवाळ्यात गार वारा शिरतो, आणि बाहेर पाहण्याचा आनंद मिळत नाही. ज्या स्त्रीने तीन पिढ्या अंधारात स्वयंपाक केला तिला उजेडाबरोबर रस्ता पाहावयासही हवा असेल, ही शक्यता आराखडे काढणाऱ्याने धरून चालले पाहिजे. केवळ तिला कोणी पाहू नये एवढ्यावरच भागणार नाही. आणि पट्टी कितीही विचारपूर्वक ठेवली तरी २५ चौरस मीटरमध्ये राहणाऱ्या पाच माणसांना एकमेकांपासून आडोसा देणारे आतले दार ती देऊ शकत नाही. त्या दाराची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात अद्याप लिहिलेली नाही.